इंजेक्शन पखालीला

अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेने, म्हणजे रायटर्स गिल्डने, कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूक यांना अखेर हाकलले. सोबत त्यांचे कॅनडातील सहलेखक डॉन मॅकेलर यांनाही. गुन्हा काय, तर २०२३ च्या संपकाळात या दोघांनी ‘द सिम्पथायझर’ या मालिकेसाठी लेखनकाम केले. एचबीओची ही सात भागांची मालिका २०२४ मध्येच येऊन गेली, तिच्यातील रॉबर्ट डाउनी ज्युनिअरच्या अनेक भूमिकांचे कौतुकही होऊन गेले. आणि २०२५ मध्ये गिल्डला शिस्तीची आठवण झाली.

पार्क यांचे म्हणणे असे की, मालिकेचे लेखन संपाआधीच पूर्ण झाले होते. संपाच्या काळात संकलन सुरू होते आणि त्या ओघात दोघांत चर्चा झाल्या. गिल्डच्याच चौकशी समितीने खासगीत समज देऊन प्रकरण मिटवण्याची शिफारस केली होती, असेही त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. तरीही संचालक मंडळाने थेट हकालपट्टीच केली. समज देण्याजोग्या प्रकरणात देशोधडीची शिक्षा देणाऱ्यास शिस्तप्रिय म्हणत नाहीत. त्यास आडमुठा म्हणतात.

संपाचे नियम कडक असावेच लागतात, हे मान्य. एकाला सूट दिली की उद्या दहा जण रांगेत उभे राहतात, हेही मान्य. दिग्दर्शक हाच लेखक असेल तर संकलनाच्या टेबलावर संवादाची एखादी ओळ बदलणेही संपात निषिद्ध होते. पण नियम मोडला की नाही हा एक प्रश्न आणि मोडला असल्यास शिक्षा किती हा दुसरा. गिल्डने पहिल्याचे उत्तर देताना दुसरा विचारलाच नाही.

वास्तविक तो संप न्याय्य होता. २ मे २०२३ ला सुरू झाला आणि १४८ दिवस चालला. साधारण साडेअकरा हजार लेखकांनी स्ट्रीमिंग कंपन्यांकडे मोबदल्याचा हिशेब मागितला, कृत्रिम बुद्धिमत्तेला वेसण घाला म्हणाले आणि बरेच काही पदरात पाडून घेतले. तो इतका लांबला तो स्टुडिओंच्या हटवादीपणामुळे. त्या स्टुडिओंपैकी कुणाला कसली शिक्षा झाली? नाही. गिल्डला ती देताही येत नाही. मग हात पोहोचतो तिथे चाबूक ओढायचा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा कारभार.

बरे, ही पखाल तरी कुणाची? सोलच्या सोगांग विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेला, हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ पाहून दिग्दर्शक व्हायचे ठरवलेला हा माणूस. १९९२ चा पहिला चित्रपट पडला, १९९७ चा दुसराही पडला. मधल्या काळात चित्रपट समीक्षा लिहून त्याने दिवस काढले. म्हणजे लेखणीवर पोट भरणे म्हणजे काय, हे त्याला गिल्डने शिकवायची गरज नाही. २००० साली पानमुन्जोमच्या सीमेवरील दोन्ही कोरियांच्या सैनिकांची मैत्री दाखवणारा ‘जॉइंट सिक्युरिटी एरिया’ आला आणि कोरियात तिकीटबारीचे विक्रम मोडले. ‘ओल्डबॉय’ला २००४ साली कानमध्ये ग्रां प्री मिळाले, ‘डिसिजन टू लीव्ह’साठी २०२२ साली तिथेच सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान.

याद्यांतून काटछाट होण्याचाही त्यांना अनुभव आहे. पार्क ग्युन-हे दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्ष असताना सरकारने नावडत्या कलावंतांची जी काळी यादी केली, तीत चान-वूक यांचे नाव होते. ते हुकूमशाही वृत्तीच्या सरकारचे कृत्य होते. लेखकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनेही नाव खोडण्यातच पुरुषार्थ मानावा, याची चीड येते.

पार्क लिहितात कसे, हे पाहिले तर हा निर्णय अधिकच हास्यास्पद वाटतो. ‘लेडी व्हेंजन्स’पासूनच्या त्यांच्या सहलेखिका जोंग सो-ग्योंग आणि ते एकाच संगणकाला दोन कीबोर्ड लावून पटकथा लिहीत आले आहेत. एकाने वाक्य टंकायचे, दुसऱ्याने तिथल्या तिथे खोडायचे. अशा माणसाच्या बाबतीत गप्पा कुठे संपतात आणि लेखन कुठे सुरू होते, याची रेघ गिल्डच्या संचालकांनी नेमकी कोणत्या फूटपट्टीने ओढली?

मुंबईने तरी या भांडणाकडे परक्याचे म्हणून पाहू नये. याच ‘ओल्डबॉय’वर बेतलेला ‘जिंदा’ २००६ साली आपल्याकडे आला, तेव्हा मूळ निर्मात्यांना न विचारता उचलेगिरी केल्याचा आरोप झाला होता. त्याचे पुढे काय झाले? काही नाही. हिंदी-मराठी पटकथालेखकांना स्वामित्वधनाचा हक्क कायद्याने मिळाला तो २०१२ मध्ये आणि तो प्रत्यक्ष वसूल करताना आजही त्यांच्या नाकी नऊ येतात. १४८ दिवस काम बंद ठेवण्याची ताकद आपल्या लेखकांकडे नाही. ज्यांच्याकडे ती आहे, त्यांनी ती आपल्याच माणसांवर उधळावी, हे म्हणूनच अधिक खुपते.

पार्क यांनी अपील केले नाही. ते नव्या चित्रपटात गुंतले होते. डोनाल्ड वेस्टलेक यांच्या ‘द ॲक्स’ कादंबरीवरचा हा ‘नो अदर चॉइस’ त्यांना कित्येक वर्षांपासून करायचा होता. कागद कारखान्यातला एक इमानदार कर्मचारी नोकरी गमावतो आणि नवी मिळावी म्हणून त्याच जागेसाठी स्पर्धेत असलेल्या इतर बेकारांना संपवू लागतो. मालक नामानिराळा राहतो. कामगार कामगाराच्या जिवावर उठतो. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. त्याच्या पटकथेवर चार नावे आहेत. त्यातील दोन गिल्डने हाकललेल्यांची.