कांदा फळ्यावर काढणं थांबवा!

नाशिकमधल्या विज्ञान महाविद्यालयांचे प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी, शाळा आणि पालक, सगळ्यांना हे जाहीर आवाहन.

गेल्या सोमवारी आम्ही चौघं संशोधक विद्यार्थी निफाड तालुक्यातल्या एका शाळेत गेलो. आठवीचा वर्ग कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची आकृती फळ्यावरून वहीत उतरवत होता. खिडकीबाहेरून कांद्याचे ट्रॅक्टर लासलगावच्या बाजाराकडे चालले होते! प्रयोगशाळेच्या कपाटात तीन सूक्ष्मदर्शक होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर. किल्ली मिळाल्यावर ऐकायला आलं, ‘मोडले तर उत्तर कोण देणार?’ इतके जपले होते की भिंगांवर बुरशी चढली होती.

आम्ही आमचा सूक्ष्मदर्शक काढला. डब्यातलाच कांदा घेतला, पापुद्रा सोलला, त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला, वर काच ठेवली. पहिल्या बाकावरच्या मुलीने डोळा लावला, बाजूला झाली, पुन्हा लावला. म्हणाली, ‘फळ्यावर सगळ्या सारख्या असतात. इथे एक पण दुसरीसारखी नाही.’ मग वहीतली आकृती तिने स्वतःहून खोडली. त्या तासाला घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

आता रागाचं बोलतो. दहावीला विज्ञानाच्या 100 गुणांपैकी 20 प्रात्यक्षिकाचे. त्यातले 18-19 मिळवून आलेली मुलं पुढे आमच्याकडे येतात आणि ब्युरेट उलटी धरतात. दोष मुलांचा नाही. न केलेल्या प्रयोगांच्या वह्यांवर सह्या करणारे आपण सगळे आहोत.

आणि आपली महाविद्यालयं? कॉलेज रोड, गंगापूर रोडवर रांगेने उभी आहेत. 28 फेब्रुवारी आला की बॅनर, पुष्पगुच्छ, रामन यांच्यावर भाषण, नॅकच्या फाइलसाठी फोटो. मुलांच्या हाताला काय लागलं? बिस्किटाचा पुडा. आम्हीही हे केलंय, म्हणून बोलायचा हक्क आहे.

शाळेत जाऊन मुलांच्या हातून प्रयोग करून घेण्याचं काम नवं नाही. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झालं. दिल्ली विद्यापीठ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्या गावांत जाऊन शिक्षकांबरोबर बसले. पुढे सगळा जिल्हा त्यात आला. 2002 मध्ये सरकारने ते बंद केलं, तोवर तीस वर्षं चाललं होतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, खिरोद्याच्या शाळांत काम केलं. तेव्हा रस्ते कसे होते, विचारा कुणालाही. आपल्याला सिटीलिंकच्या बसने जाता येत नाही?

‘अभ्यासक्रम संपत नाही.’ पाठ करून तरी कुठे संपतो? ‘मुलं काचा फोडतील.’ फोडू द्या, काच आम्ही देऊ. ‘पीएचडी लांबेल.’ महिन्यातल्या दोन तासांनी जी लांबते, ती आधीच लांबलेली असते. पैशाचं कारण तर सांगूच नका. घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2015 मध्येच करार केला आणि देशभरच्या महाविद्यालयांना ते वाटले. कुणाच्या कपाटात पडले असतील तर बाहेर काढा.

करायचं ते असं. एका विभागाने एकच शाळा घ्यायची, एकच वर्ग, आणि वर्षभर सोडायचा नाही. बॅनर नाही, भाषण नाही, पाहुणे नाहीत. शिक्षकांना बाजूला सारायचं नाही. आपण गेल्यावर तास त्यांनाच चालवायचा आहे. साहित्य गावातलं घ्यावं: हळद आणि साबण, द्राक्षबागायतदाराकडचं गोडी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर, गोदावरीचं बाटलीभर पाणी. मुख्याध्यापकांनी कपाटाची किल्ली वर्गशिक्षकांकडे द्यावी, आजच. पालकांनी मुलांना ‘आज काय लिहिलंस’ऐवजी ‘आज काय हाताळलंस’ विचारावं.

सुरुवात 23 सप्टेंबरला. नाशिकवर शून्य सावलीचा दिवस येतो तो मेच्या सुट्टीत आणि जुलैच्या ढगांत, त्यामुळे शाळेच्या वाट्याला तो येतच नाही. विषुवदिन मात्र हातात आहे. मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी करा, बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सगळ्यात लहान सावली बाराला नाही, साडेबाराच्या जवळपास मिळेल. का, ते लगेच सांगू नका, मुलांना भांडू द्या. लांबी 36-37 सेंटीमीटर भरेल. त्यातून काठीच्या टोकाशी होणारा कोन काढला तर तो 20 अंशांच्या आसपास येतो, म्हणजे मुलांनी नाशिकचा अक्षांश स्वतः मोजला.

ढग आले तर दुसऱ्या दिवशी करा, फार फरक पडत नाही. काठी शाळेत मिळेल. मीटरपट्टी आणि ओळंबा मात्र सोबत न्या. मागच्या वेळी आम्ही विसरलो होतो आणि काठी तिरकी गेली.