पर्वत उचलण्याआधी वनस्पती ओळखा

श्रावणातील शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनाला हजारो भाविक पायी जातात. लक्ष्मणासाठी औषधी आणणाऱ्या या दैवताची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु तिच्यातील एक तपशील आपण सोयीस्करपणे विसरतो. वैद्य सुषेणाने औषधींची नावे सांगितली. शिखरावर पोहोचल्यावर त्या नेमक्या कोणत्या, हे मारुतीला उमगेना. म्हणून त्याने शिखरच उचलून आणले. त्याच्यापाशी बळ होते आणि वनस्पती ओळखणारा सुषेण त्याची वाट पाहत होता. आज आपल्यापाशी परंपरेच्या अभिमानाचे बळ पुष्कळ आहे. पण सुषेण कोठे आहे?

हा प्रश्न सुचतो तो खुलताबादजवळच्याच म्हैसमाळच्या डोंगराकडे पाहून. पावसाळ्यात येथे सहलींची गर्दी उसळते. झुडपांच्या आधाराने चढलेल्या एका वेलीची फुले पाहून लोक थबकतात, छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. ही कळलावी, वनस्पतिशास्त्रातील ग्लोरिओसा सुपर्बा. तिच्या पानांची टोके लांबून तणाव्यासारखी वळतात आणि मिळेल त्या फांदीला धरून वेल वर चढते. फुलाच्या सहा नागमोडी पाकळ्या मागे उलटलेल्या असतात. उमलताना हिरवट, मग पिवळ्या, नारिंगी आणि अखेरीस लालभडक होत जाणाऱ्या या पाकळ्यांमुळेच तिला संस्कृतात अग्निशिखा म्हटले. जमिनीखालील कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून ती लाङ्गली. शल्य बाहेर काढणारी म्हणून विशल्या. प्रसूतीच्या वेळी कळा याव्यात यासाठी तिच्या कंदाचा लेप बाहेरून लावीत. 'कळलावी' हे मराठी नाव त्यातूनच आले. एकेका नावात रूप, आकार आणि गुण नोंदवून ठेवणाऱ्या पूर्वजांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते!

त्याच पूर्वजांनी तिची गणना उपविषांत केली. गोमूत्रात शोधन केल्याशिवाय तिचा कंद औषधात वापरू नये, असा दंडक घातला. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण 'झाडपाल्याचे औषध आहे, अपाय होत नाही' हे वाक्य आज घरोघरी ऐकू येते. कळलावीचा कंद खाद्यकंद समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. आधी उलट्या व जुलाब होतात, पुढे रक्तपेशी घटतात आणि अवयव निकामी होत जातात. यावर हमखास उतारा नाही. तेव्हा कोणीही घरगुती प्रयोगासाठी तिला हात लावू नये. 'निसर्गातले ते निरुपद्रवी' हा विचार आयुर्वेदाचा नव्हे. तो जाहिरातदारांचा आहे.

या विषाचे नाव कोल्चिसिन. पेशींचे विभाजन रोखणारे हे द्रव्य १८२० साली युरोपातील कोल्चिकम या वनस्पतीतून वेगळे काढले गेले. कळलावीच्या कंदात आणि त्याहून अधिक तिच्या बियांत ते असते. युरिक आम्लाच्या संधिविकारावर त्याच्या अल्प मात्रा दिल्या जातात. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही त्याच्या अल्पमात्रेला मान्यता दिली. त्याच अमेरिकेत २००९ नंतर एका कंपनीला विक्रीचा विशेष हक्क मिळताच सुमारे ९ सेंटची गोळी जवळपास ५ डॉलरवर गेली. ज्ञानाकडे डोळसपणे पाहणाऱ्यांना त्याचे मोल कसे वसूल करायचे तेही कळते.

आपण काय केले? १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणावर स्वामित्वहक्क दिला गेला, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने तो लढा दिला आणि १९९७ साली जिंकला. तो जिंकला गेला लिखित पुराव्यांच्या बळावर, भाषणांच्या नव्हे. पुढे २००२ साली जैवविविधता कायदा झाला. गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी, अशी त्याची व्यवस्था. पण हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दरमहा १० लाख रुपयांच्या दंडाचा इशारा दिल्यावर राज्ये जागी झाली. मुदत डोक्यावर आली की सरकारी वह्या कशा भरतात, हे वाचकांना सांगायला नको.

दुसरीकडे तामिळनाडूकडे पाहा. तेथे कळलावी राज्यपुष्प आहे आणि करूर, दिंडीगुल परिसरातील कोरड्या जिल्ह्यांत तिची शेती होते. मांडवावर वेल चढवतात, हाताने परागीकरण करतात आणि औषधनिर्मितीसाठी बी विकतात. बी घेतल्याने कंद जमिनीत सुरक्षित राहतो. रानातला कंद उपटला, तर ती वेल कायमची संपते. आमच्या मराठवाड्यालाही कोरडेपणाचे वरदान कमी नाही! मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने या पिकाची पद्धतशीर चाचणी का घेऊ नये?

सामग्रीची उणीव मुळीच नाही. प्रा. वि. ना. नाईक यांनी मराठवाड्यातील वनस्पतींचा द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ सालीच सिद्ध केला. उणीव आहे ती तो उघडणाऱ्या हातांची. खुलताबाद तालुक्यातील प्रत्येक ग्रामसभेने आपली नोंदवही जाहीर वाचनासाठी मागावी. तिच्यात कळलावीचे स्थानिक नाव, फुलण्याचा काळ, ठिकाण आणि जाणत्या वृद्धांनी सांगितलेला उपयोग आहे का, ते पाहावे. नसेल तर ती वही पुन्हा लिहावी. शाळांनी पावसाळ्यात मुलांना डोंगरावर न्यावे, वेल दाखवावी, तिचे विषही सांगावे. कंद खणणाऱ्यास गावाने रोखावे.

आयुर्वेदाचा जयघोष करणे सोपे आहे; पायाशी उगवलेली वेल नावानिशी ओळखणे कठीण. सुषेण नसेल, तर मारुतीने आणलेला संपूर्ण पर्वतही केवळ दगडमातीचा ढीग ठरतो.