बारावीचं वर्ष : दाखल्यांची वेठबिगार

दोस्तहो, बारावीला बसलेल्या पोराला सगळं जग एकच विचारतं – अभ्यास कसा चाललाय? साला, कुणी हे विचारत नाही की तुझ्या आज्याचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला का. अभ्यास तर आमची पोरं करतातच. नळाच्या रांगेत, जिन्याखाली, रात्रपाळीहून आलेल्या बापाच्या घोरण्यात करतात. मारली जातात ती कागदात.

मी वस्तीतल्या पोरांचे फॉर्म भरून देतो. निकाल लागला की दिवाळीपर्यंत माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत दुसरं काही चालत नाही. बदल्यात चहा मिळतो, कधी शिव्या. तेव्हा इथं जे लिहितोय ते कुठल्या अहवालातून उचललेलं नाही.

पांढरपेशे आम्हाला सरकारचे जावई म्हणतात. आता हा जावई काय खातो त्याचा हिशेब मांडू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना काढून बघा. घरून ये-जा करून बीए, बीकॉम करणाऱ्या अनुसूचित जातीच्या पोराला निर्वाह भत्ता वर्षाला ३,००० रुपये. महिन्याला अडीचशे. दिवसाला सव्वाआठ. होस्टेलवर राहत असेल तर वर्षाला ६,०००. इंजिनियरिंग, मेडिकलला गेला आणि होस्टेलवर राहिला तर १३,५००. एवढ्यावर जावई माजतो म्हणे!

आणि हे कुणाला? ज्याच्या आईबापाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत आहे त्यालाच. म्हणजे महिन्याला वीस हजार आठशे. बाप कुठे वॉचमन आणि आई चार घरची भांडी घासणारी असेल तर दोघांचं मिळून एवढं होतं की हो मुंबईत. झालं, संपला गरीब. २०१९ साली घटनादुरुस्ती करून सवर्णांतले जे ‘आर्थिक दुर्बल’ ठरवले, त्यांची रेषा मात्र आठ लाखांवर. आमचा गरीब अडीच लाखांवर श्रीमंत होतो आणि त्यांचा पावणेआठ लाखांवरही दुर्बळच राहतो. हे गणित कुठल्या पाठ्यपुस्तकातलं? (अडीच लाखांच्या वर गेलेल्यांना महाराष्ट्रात फ्रीशिप आहे, ट्यूशन फी आणि परीक्षा फी सुटते, हे खरं. पण निर्वाहाला दमडी नाही. आणि ही फ्रीशिप आहे हे निम्म्या घरांना माहीतच नसतं. ‘उत्पन्न जास्त आहे’ एवढं ऐकून माणसं खिडकीवरून परत फिरतात.)

पण पैसा नंतर. आधी जात सिद्ध करा.

गावात आजपर्यंत आमच्याकडे जातीचा पुरावा कुणी मागितलेला नाही. वेशीवरच ओळखतात. शहरात खोली भाड्यानं मागा, आडनाव विचारून दोन मिनिटांत घरमालकाची पडताळणी पूर्ण होते. फक्त हक्काची गोष्ट आली की व्यवस्थेला एकदम शंका येते – बाबा रे, तू खरंच त्यातलाच ना?

जातीचा दाखला प्रांत ऑफिसमधून मिळतो. तेवढ्यानं व्यावसायिक शिक्षणाची राखीव जागा मिळत नाही. त्याला व्हॅलिडिटी लागते. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणी समित्यांची चौकट घालून दिली, पुढं महाराष्ट्रानं २००० सालचा कायदा केला, आणि आता जिल्ह्याजिल्ह्यात समित्या बसल्यात. खोटे दाखले काढून राखीव जागा लाटणारे होते आणि आहेत. त्यांच्यासाठी चाळणी पाहिजे, ह्याला माझा विरोध नाही. पण चाळणीत अडकतं कोण? ज्यानं खोटा दाखला पैसे मोजून तयार केला त्याच्याकडे कागद चोख असतात. अडकतो तो खरा, कारण त्याच्याकडे कागदच नाही.

१० ऑगस्ट १९५०. ही तारीख पाठ करा. त्या दिवसाच्या आधी तुमचे पूर्वज महाराष्ट्रात होते आणि त्यांची जात हीच होती, हे कागदावर दाखवायचं. आता सांगा, १९५० आधी आमचा आजा कुठल्या शाळेत होता? तो ढोरामागं होता, गाडग्यातलं पाणी पीत होता. ज्यांनी त्याला शाळेच्या पायरीवर चढू दिलं नाही, त्यांच्याच टेबलावरून आज त्याच्या नातवाला विचारतात, आजोबांचा निर्गम उतारा आणलाय का?

मग शोध सुरू. कुणाचं नाव कोतवाल बुकात सापडतं, जन्ममृत्यूच्या नोंदीत. गाव नमुना चौदा काढावा लागतो. आणि ज्याचं कुठंच सापडत नाही त्याला कधी कधी वाचवतो तो महार वतनाचा उतारा. ह्याच महारकीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. ती कायद्यानं गेली ती १९५८च्या वतन निर्मूलन कायद्यानं. पिढ्यान्‌पिढ्या जिनं आमची फुकट राबणूक घेतली, तिचाच कागद आज पोराला फार्मसीला जायला दाखवावा लागतो. तोसुद्धा मोडीत असला तर वाचणारा शोधा आणि त्याला पैसे मोजा.

त्यात आमची आणखी एक गोम आहे. आज्याच्या कागदावर ‘महार’, बापाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, थोरल्या चुलत्याच्या दाखल्यावर मास्तरानं आपल्या मनानं लिहिलेलं ‘हिंदू महार’. १९५६ला आम्ही धर्म बदलला आणि केंद्राला बौद्धांतल्या अनुसूचित जाती दिसायला १९९० साल उजाडलं. मधल्या चौतीस वर्षांचा गोंधळ सरकारनं घातला, पण तो निस्तरायचा कुणी, तर अठरा वर्षांच्या पोरीनं, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून.

आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं सांगतो. मार्क चांगले. बाप टेम्पोवर. बारावीचा निकाल लागल्यावर व्हॅलिडिटीचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं. बाप चार वेळा गावी गेला, चार खाडे पडले, चार दिवसांची मजुरी बुडाली. रेकॉर्ड रूममध्ये सांगितलं, ते दप्तर वाळवीनं खाल्लंय. पाचव्यांदा चुलत चुलत्याची व्हॅलिडिटी मिळाली आणि काम झालं. पण तोवर मुदत उलटली होती. जागा गेली. आज ती बीएस्सी करतेय आणि वर हसून म्हणते, दादा, फार्मसीवाल्यांकडून गोळ्या तरी घेतेच ना!

म्हणून सांगतो, बारावीत जागं होऊ नका. अकरावीतच पेटी उघडा. घरात चुलता, आत्या, चुलत भाऊ, बापाच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालीय का ते आधी विचारा. असेल तर निम्मं काम झालं. अशा नातेवाइकाची पडताळणी झालेली असेल तर सहसा नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१०मध्येच म्हटलंय. सायन्सवाल्यांनी अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत अर्ज टाकावा. क्लार्क ‘नंतर बघू’ म्हणाला तर त्याच्याकडून तसं लिहून मागा. पेन हातात आलं की त्याचा सूर बदलतो. उत्पन्नाचा दाखला जूनच्या गर्दीत काढू नका. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का ते आत्ता बघा, कारण त्या एका गाठीपायी मंजूर झालेले पैसे लटकतात. आणि मॅनेजमेंट कोट्याच्या एजंटाला दारात उभं करू नका. ‘स्कॉलरशिप आम्ही बघतो’ म्हणतो तो हरामखोर. त्या कोट्याला शिष्यवृत्ती लागू नाही, हे तो सांगत नाही.

प्रवेश मिळाला की काउंटरवर दुसरी लढाई. ‘आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ.’ शिष्यवृत्तीला पात्र पोरांकडून फी आगाऊ घेऊ नका, अशी परिपत्रकं सरकार वर्षानुवर्षं काढतंय. संस्थावाले ती वाचतात आणि खाली ठेवतात. मग आई मंगळसूत्र नेऊन ठेवते, नाहीतर बचतगटातून उचल घेते. पोराचा महाडीबीटीवरचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. क्लार्कनं बोट दाबलं नाही तर तो समाजकल्याणच्या साहेबापर्यंत जातच नाही. पोर्टल आलं म्हणजे माणूस हटला असं समजणारे भाबडे आहेत. माणूस तोच आहे, खिडकीच्या मागून स्क्रीनच्या मागे गेलाय एवढंच.

होस्टेल मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये, जेवण, खोली, वरखर्च सगळं धरून. महिन्याचे पाच हजार. पण दरमहा येतात असं समजू नका. खोलीवाला मात्र दरमहा मागतो.

आता आपल्यातल्यांशी दोन शब्द. काही कडवे दोस्त म्हणतात, हे फॉर्म भरणं म्हणजे सुधारणावाद. सरकारच्या तुकड्यांसाठी रांगा लावणार का? क्रांती करा. अरे बाबा, हे तुकडे नाहीत. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या हातात अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन ठेवलं तेव्हा बनारस आणि अलिगढच्या विद्यापीठांना जो पैसा जातो, त्याच तिजोरीतला आमचा वाटा मागितला होता. १९४४पासून ही शिष्यवृत्ती आहे. ती भीक म्हणून मिळालेली नाही, आणि ती अडवणं म्हणजे काय असतं ते २०१६ साली हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुलानं लिहून ठेवलंय. मरताना त्यानं सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब लिहिला, एक लाख पंचाहत्तर हजार. त्याला सुधारणावादी म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

आणि आपले साहेब! ह्याच शिष्यवृत्तीवर शिकलेले, मिलिंद आणि सिद्धार्थचं अन्न खाल्लेले. जयंतीला स्टेजवर फेटा बांधून ‘शिका’ म्हणून जातात. कसं शिकायचं ते सांगायला पुन्हा वस्तीत फिरकत नाहीत. त्यांच्या कपाटात व्हॅलिडिटी आहे, चुलत पुतण्याला ती झेरॉक्स देताना मात्र हात आखडतो, कारण सोसायटीत जात कळेल.

आमच्या वस्तीत यंदा आम्ही जयंतीच्या वर्गणीतून डीजे उडवला. दोन पोरं नाराज झाली, एकानं शिवी दिली. त्या पैशात जुना प्रिंटर घेतला, बुद्धविहाराच्या कट्ट्यावर टेबल टाकलं. दर रविवारी सकाळी दहाला बसतो. अकरावीच्या पोरांनी आईबापासकट यावं, घरातला सापडेल तो जुना कागद घेऊन यावं, फाटका असला तरी. मोडी वाचणारे एक म्हातारे बाबा पंधरवड्यातून एकदा येतात. त्यांचं भाडं आम्ही देतो.