आधी खोला, मग बदला!

आधी एक गोष्ट क्लिअर करू या. जीप म्हणजे कार नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या कागदांवर तिचं नाव होतं ‘ट्रक, पाव टन, फोर बाय फोर’. युद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्याच खानदानातली एक हिरवी सीजे-थ्री-बी आज साताऱ्याजवळ माझ्या काकांच्या अंगणात चिंचेखाली उभी आहे. म्हणजे घरात ट्रक आहे असं मी बिनधास्त सांगू शकतो!

तर, या बाईसाहेबांनी मध्यंतरी संप पुकारला. सकाळी स्टार्ट व्हायला नखरे, झालीच तर आयडलला टिकायची नाही, चढावर खोकायची. आणि पेट्रोल? ते तर ती अक्षरशः ढोसायची. काकांनी अल्टिमेटम दिला, “दिवाळीच्या आत नीट झाली तर ठेवू. नाहीतर भंगारवाला बोलावतो.” काका असल्या बाबतीत चेष्टा करत नाहीत. दोष कार्बोरेटरचा आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढचा प्रश्न एवढाच, की दुरुस्त करायचा की नवा टाकायचा?

पुण्यात नाना पेठेतल्या पार्टवाल्याचा फंडा सिंपल होता. “साहेब, नवा सोलेक्स टाइप बसवा. दोन नट, एक पाइप, विषय संपला.” गावाकडच्या मिस्त्रींचं म्हणणं वेगळं. “आधी खोलून बघू. बॉडी शाबूत असंल तर किट टाकू.”

आता आपली पिढी बदलून टाकण्यात एक्स्पर्ट. फोन, चार्जर, नोकरी... काहीही. त्यात कार्बोरेटर हा प्रकारच आपल्या आयुष्यातून निघून गेलाय. चोक ओढून सुरू केलेली बाबांची बाइक आठवते? तोच तो. एप्रिल २०२०मध्ये बीएस-सिक्स आलं आणि जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकींवर त्याची जागा इंजेक्शननं घेतली. म्हणून थोडं बेसिक.

कार्बोरेटरचं काम एकच. हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून इंजिनला द्यायचं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, तीही वजनानं. हवेची वाट मध्येच अरुंद होते, तिथे वेग वाढतो, दाब कमी होतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल खेचलं जातं. खाली एका वाटीत फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि नीडल पेट्रोल बंद करते. आपल्या संडासच्या टाकीतला बॉल, डिट्टो!

यातलं खराब काय होतं? पॅकिंग सुकतं, नीडलचं टोक झिजतं, जेटमध्ये कचरा बसतो. काकांच्या जीपवर कार्टर वायएफ आहे, सीजे-थ्री-बीच्या हरिकेन इंजिनवर मुळात बसायचा तोच. त्यात पिकअपच्या वेळी जादा पेट्रोल देणारा एक पडदा असतो, तो कडक होतो. हे सगळे भाग झिजण्यासाठीच बनवलेत आणि सगळे किटमध्ये मिळतात. यासाठी अख्खा कार्बोरेटर फेकणं म्हणजे चेन तुटली म्हणून बॅग फेकण्यासारखं.

खरा प्रश्न बॉडीचा. इंजिन बंद असताना थ्रॉटलचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवा. तो खडखडला तर त्याचं भोक मोठं झालंय आणि तिथून चोरून हवा आत जातेय. मग कितीही महागडं किट टाका, आयडल नाचतच राहणार. तिथे टर्नरकडून नवा बुश बसवून घ्यावा लागतो. आणि बॉडीला तडा असेल, आतल्या वाटा गंजून खाल्ल्या गेल्या असतील किंवा बुश बसवायला धातूच उरला नसेल, तर मात्र इमोशनल होऊ नका. सरळ नवा आणा.

फक्त नवा म्हणजे ‘लावला आणि पळाला’ असं समजू नका. लिंकेज जुळवावं लागतं, जेट तपासावे लागतात, ट्युनिंग चुकत नाही. आणि जुना काढलात तरी टाकू नका. कधी तरी त्याचे पार्ट कामाला येतात.

आणखी एक नवं टेन्शन म्हणजे ई-ट्वेंटी पेट्रोल. २०२३मध्ये ते पंपांवर यायला लागलं आणि २०२५पर्यंत जवळपास सगळीकडे पोचलं. त्यातलं २० टक्के इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पाणी ओढून घेतं. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं. म्हणून किट घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, “इथेनॉलला चालेल का?” पेट्रोलचे पाइपही त्याच हिशेबानं बदला.

आमच्या मिस्त्रींनी कार्बोरेटरला हात लावायच्या आधी कॉन्टॅक्ट पॉइंट साफ केले, कंडेन्सर बदलला, प्लग पुसले. जीपचा अर्धा खोकला तिथेच थांबला! मी आपला बघतच राहिलो. मग कार्बोरेटर टेबलावर आला. बॉडी शाबूत, शाफ्ट सैल. बुश झाला, किट पडलं, जेट हवेनं साफ झाले. त्यात तार घालू दिली नाही. पितळेचं भोक ओरखड्यानंही बदलतं, आणि मग हिशेबच चुकतो. दोन शनिवार गेले. नवा बसवला असता तर एका दुपारचं काम होतं, हे मान्य. पण काका हल्ली तीच जीप घेऊन रानात जातात, आणि भंगारवाल्याचा विषय घरात निघत नाही.

मला विचाराल तर या भानगडीत पणाला लागलेली खरी गोष्ट जीपपेक्षा वेगळीच आहे. आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्याकडे शिकायला पोरगा नाही. पार्ट उद्याही मिळतील, पण शाफ्ट हलवून नुसत्या बोटांनी निदान करणारा माणूस मिळेलच याची गॅरंटी नाही. तेव्हा तुमच्याही गावी अशी एखादी म्हातारी गाडी ताडपत्रीखाली झोपली असेल, तर येत्या वीकेंडला असा माणूस शोधा. त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसा. फोटो काढा, कुठला स्क्रू कुठून निघाला ते लिहून ठेवा, आणि चहा तुम्ही पाजा. मॉलमध्ये दोन तास घालवण्यापेक्षा सौदा भारी आहे, बॉस!