सीआरओ भंगारात देऊ नका!

मंडळी, या वीकेंडला कोड बाजूला ठेवून जरा हार्डवेअरबद्दल. मत आधीच सांगून टाकतो: जळगाव-धुळ्यात ज्याला घरी इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल मांडायचंय, त्याने पहिला स्कोप जुनाच घ्यावा. आणि तो मिळावा म्हणून कॉलेजांनी चालू सीआरओ किलोच्या भावाने देऊ नयेत.

तुम्ही म्हणाल, सिम्युलेटर फुकट मिळतो, मग हा पसारा कशाला? कारण सिम्युलेटरमधला कपॅसिटर कधी सुकत नाही हो! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं ढोबळ गणित असं की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. आता शेतातल्या पत्र्याच्या पेटीत बसवलेल्या मोबाईल स्टार्टरचा किंवा ठिबकच्या कंट्रोलरचा विचार करा. मल्टिमीटर म्हणतो १२ व्होल्ट, सगळं ठीक. स्कोप लावला की त्याच १२ व्होल्टवर नाचणारा रिपल दिसतो आणि बोर्ड मधूनच रिसेट का होतो ते कळतं. हे बघू शकणारा माणूस गावात नसेल तर बोर्ड पुण्या-मुंबईला जाणार, नाहीतर सरळ नवा घ्यावा लागणार. तोवर केळीला पाणी कोण देणार?

एक गंमत बघा. जुन्या लॅबमधली ओळखीची नावं कोणती? इंदूरच्या सायंटिफिकचे सीआरओ, नाशिकच्या मोटवानेचे मीटर, ठाण्याच्या ॲपलॅबचे पॉवर सप्लाय. इंदूर, धुळे, नाशिक, ठाणे... सगळी गावं एकाच मुंबई-आग्रा रोडवर! आणि ही यंत्रं दुरुस्त होतात. सुटे भाग मोठे, साध्या सोल्डरिंग आयर्नने निघणारे. यंत्र दुरुस्त करता करताच निम्मं इलेक्ट्रॉनिक्स शिकून होतं.

२० मेगाहर्ट्झचा डबल ट्रेस पुरतो का? सुरुवातीला आरामात. त्याचा राइज टाइम साधारण १७.५ नॅनोसेकंद (०.३५ भागिले बँडविड्थ). आर्डुइनो उनोचा पीडब्ल्यूएम ४९० किंवा ९८० हर्ट्झचा, म्हणजे किरकोळच. हां, एकदाच येऊन गेलेला सिग्नल हा सीआरओ धरून ठेवत नाही. सिरीयल लाइनवरचा एखादा बाइट पकडायचा असेल तर डिजिटल स्कोप किंवा लॉजिक अॅनालायझर लागतोच. पण ती दुसरी खरेदी.

घेताना चालू करून अर्धा तास तसाच ठेवा. रेघ बारीक आणि स्थिर राहते का, पडद्यावर जळका डाग आहे का ते बघा. पुढच्या पॅनलवर कॅलिब्रेशनचा स्क्वेअर वेव्ह मिळतो, तो दोन्ही चॅनलला लावून सगळे नॉब फिरवा. नॉब खरखरत असेल तर घाबरू नका, काँटॅक्ट क्लीनरने बरेचदा काम होतं. ट्यूबच गेली असेल तर मात्र हात जोडा आणि घरी या.

आता महत्त्वाचं. पहिला खर्च स्कोपवर नाही, घरातल्या अर्थिंगवर करा. प्रोबची ग्राउंड क्लिप सीआरओच्या बॉडीला आणि तिथून अर्थिंगला जोडलेली असते. ती एसएमपीएसच्या मेन्सच्या बाजूला लावली की भडका! यावर काही जण प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. हा जुगाड जिवावर बेततो, कारण मग अख्खी बॉडी २३० व्होल्टवर जाऊ शकते. तपासायच्या वस्तूला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. आणि झाकण उघडणार असाल तर लक्षात ठेवा, पिक्चर ट्यूबला हजार-दोन हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

तर कॉलेजांनी काय करावं? डेड स्टॉक रजिस्टरमध्ये निर्लेखनाचा शेरा पडला की चालू आणि बंद यंत्र एकाच ढिगात जातं. २०२२ च्या ई-कचरा नियमांत (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) प्रयोगशाळेतली उपकरणंही आली, त्यामुळे बाद माल गल्लीतल्या भंगारवाल्याला देणं तसंही बरोबर नाही. पण चालू सीआरओ हा कचरा नाहीच! निर्लेखनाआधी एक दिवस ठेवा. शेवटच्या वर्षाच्या पोरांना यंत्रं तपासू द्या, चालू कोणती, दुरुस्त होणारी कोणती याच्या चिठ्ठ्या लावा आणि रीतसर लिलावात आजी-माजी विद्यार्थ्यांना बोली लावू द्या. कॉलेजला भंगारापेक्षा चार पैसे जास्तच मिळतील.

आपल्यापैकी अनेकजण शिकून पुण्याला आलो, कीबोर्डवर पोट भरतोय. ठीक आहे. पण कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघटनेत तुमची ओळख असेल तर या दिवाळीत गावी गेल्यावर एवढा एक विषय काढाच. चोपडा-शिरपूरकडच्या एखाद्या पोराच्या टेबलावर एक हिरवी रेघ उमटेल. बघा जमतंय का.