टाकींत राहिलेलें पेट्रोल

बरेच दिवस उभी असलेली मोटारसायकल पुनः चालू करावयाची झाल्यास टाकींतील जुन्या पेट्रोलाचें काय करावें, असें एका वाचकांनीं विचारलें आहे. आमच्याच घरची हकीकत या प्रश्नास लागू पडते. ती मला फारशी भूषणावह नाहीं, तरी सांगतों.

जून २०२३ मध्यें गुडघ्यांच्या दुखण्यामुळें आमच्या दादांनीं आपली जुनी, कार्बुरेटरची गाडी पडवींत लावली ती तेथेंच राहिली. टाकी निम्मी होती, आणि खरा घोटाळा तेथेंच होता. टाकीच्या झांकणास हवेसाठीं बारीक छिद्र असतें; दिवसा ऊन वाढलें कीं आंतील वाफ बाहेर पडते, रात्रीं गारव्यानें ओलसर हवा आंत शिरते. पेट्रोलांतील चटकन् पेट घेणारा हलका भाग अशा रीतीनें उडून जातो. उरलेल्याचा हवेशीं संयोग होऊन चिकट राळ जमते. शिवाय हल्लींच्या पेट्रोलांत उंसाच्या मळीपासून व धान्यापासून काढलेलें इथेनॉल असतें. त्याचें प्रमाण २०२२ मध्यें दहा टक्के झालें, २०२५ मध्यें वीसांवर गेलें. इथेनॉल पाणी ओढून घेतें. पाणी फार झालें म्हणजे दोन्ही मिळून तळाशीं बसतात. पत्र्याची टाकी मग आंतून गंजूं लागते. वाईच्या तीन पावसाळ्यांनीं आपलें काम चोख केलें होतें.

२०२५ च्या दिवाळींत पुतण्या आला. "काका, बाबांची गाडी चालू करूं या का?" मी म्हणालों, "पेट्रोल तेवढें काढून टाक, मग पाहूं," आणि वर्तमानपत्रांत डोकें घातलें. कोठें काढावयाचें, कशांत, हें कांहींच सांगितलें नाहीं. त्यानें चौकांत प्लॅस्टिकची बादली ठेविली व नळी सोडली. दिवेलागणीची वेळ. वहिनी निरांजन घेऊन तुळशीकडे येण्यास निघाल्या होत्या. वास नाकांत शिरतांच मी ओरडलों; त्या उंबऱ्यावरच थबकल्या. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत दूरवर सरकत जाते, आणि शून्याखालीं चाळीस अंशांच्या थंडींतही ठिणगी पडल्यास पेटूं शकते. त्या रात्रीं मला नीट जेवण गेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाडी घराबाहेर मोकळ्या जागीं नेली, बॅटरीची तार सोडली, आणि नळीनें उरलेलें पेट्रोल घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत उतरविलें. रंग कोऱ्या चहासारखा, वास जुन्या व्हार्निशचा. असें पेट्रोल नव्यांत मिसळून 'खपवूं' नये, गटारांत ओतूं नये, डाग काढण्यासाठीं घरांत तर मुळींच ठेवूं नये. आम्हीं तें ओळखीच्या कारागिराकडे पोंचविलें. टाकींत थोडें ताजें पेट्रोल घालून, हलवून, तेंही काढलें. कार्बुरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडला, तों हिरवट गाळ आला. मंद गतीच्या जेटचें छिद्र केंसाइतकें बारीक. तें बुजलेलें होतें. त्यांत तार खुपसण्याचा मोह आवरावा, छिद्र मोठें होतें. साफ करण्याचें द्रावण व हवेचा झोत हेंच खरें औषध. गाळणी नवी बसविली.

इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक सर्वांत, पंप टाकींतच असतो. तेथें घरीं हात घालूं नये.

दोनतीन महिने गाडी ठेवावयाची असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे ओल्या हवेस जागा राहत नाहीं. आणि पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावें, म्हणजे वाटी रिकामी होते. अधिक काळ ठेवणें झाल्यास सारेंच काढलेलें बरें. मात्र टाकी आंतून कोरडी करून तेलाचा हात फिरवावा.

सातव्या किकेस गाडी धडधडली. दादा झोपाळ्यावरून उठले नाहींत. आंतूनच त्यांनीं विचारलें, "चोक सोडलास का रे?"