छप्पर हलके झाले, पण ते धरून कोण ठेवणार?

बेळगाव : वळीव सुरू झाला की छप्परे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या बहुतेक पत्र्याच्या शेडच्या असतात. आता खानापूर-चंदगडपासून गोव्यापर्यंत राहत्या घरांवरची कौले उतरवून पफ पॅनेल घालण्याकडे कल दिसू लागला आहे, त्यामुळे हा प्रश्न शेडपुरता राहिलेला नाही.

लोक उगाच कौले उतरवत नाहीत. माकडे कौले फोडतात, शाकारायला माणूस मिळत नाही, वाशांना वाळवी लागलेली असते. नुसता पत्रा घातला तर दुपारी घरात बसवत नाही आणि स्लॅबचा खर्च झेपत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी मदत आहे 1 लाख 20 हजार. त्यात स्लॅब कसा बसवायचा, हे ज्याने घर बांधले त्यालाच ठाऊक. अशा वेळी दोन पातळ पत्रे, मध्ये दोन इंच फोम आणि दोन दिवसांत काम तयार, असे कोणी सांगितले तर पटतेच.

फोम नुसती उष्णता अडवत नाही, भारही पेलतो. शंभर पानी वही दोन टोकांना धरून वाकवली की पाने एकमेकांवर सरकतात. तीच पाने डिंकाने चिकटवली तर फळी होते. पॅनेलमध्ये वरच्या पत्र्यावर दाब येतो, खालच्यावर ताण, आणि दोघांना सरकू न देण्याचे काम फोम करतो. म्हणून फोमची घनता आणि पत्र्याला असलेली त्याची चिकट ही सगळ्यात महत्त्वाची. जाडी दुप्पट केली तर पत्र्यांचा ताठपणा जवळपास चौपट होतो, पण फोम हलका निघाला तर पॅनेल तिथेच झोल खाते. पत्रा फोमपासून सुटला की उरतात दोन पातळ पत्रे.

आता वजनाचा हिशेब. मंगलोरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला 40 किलोच्या पुढे भरते. अर्धा मिलिमीटर पत्र्याचे, 50 मिलिमीटर जाडीचे पॅनेल साधारण 10 किलो. वीस बाय तीस फुटांच्या घरावर कौलांचे दोन टनांहून जास्त ओझे होते, तिथे साडेपाचशे किलो राहते. वाशांना बरे वाटेल, पण वारा वेगळेच काम करतो. भारतीय मानकाच्या वाऱ्याच्या नकाशात सर्वात सौम्य पट्टा सेकंदाला 33 मीटरचा, म्हणजे ताशी 119 किलोमीटरचा. त्या वेगाला चौरस मीटरवर सुमारे 66 किलो दाब येतो. पूर्ण छपरावर साडेतीन टनांच्या वर. उतार किती, दारे-खिडक्या उघड्या आहेत का, यावर तो कमी-जास्त होतो. कडेला आणि कोपऱ्यांत जास्तच. यातला मोठा भाग छप्पर वर ओढतो.

कौलांच्या फटींतून वारा निघून जायचा. आढे आणि वासे भिंतीवर दाबून ठेवायला कौलांचे वजनच पुरायचे. मातीच्या किंवा जांभ्याच्या जुन्या भिंतीत लाकूड बांधून ठेवायची गरज त्यामुळे फारशी पडली नाही. त्याच वाशांवर पॅनेल ठोकले की ते वजन गेले आणि फटीही बुजल्या. पॅनेल पाइपला, पाइप भिंतीला आणि भिंत जमिनीला बांधलेली नसेल, तर स्क्रू कितीही महाग घ्या, छप्पर पाइपांसकट उठते.

उन्हाचाही त्रास आहे. वरचा पत्रा तापून आतल्यापेक्षा 40 अंशांनी गरम झाला तर तीन मीटर गाळ्यात पॅनेल मध्यभागी सेंटिमीटरभर वर फुगते. रात्री पुन्हा खाली. रोजच्या या ओढाताणीत स्क्रूची भोके सैल होतात आणि पहिल्या पावसात तिथूनच गळती सुरू होते. गडद रंग दिसायला छान, पण तापतोही जास्त. चूल असलेल्या घरात तर साधा पफ नकोच, तो पेट घेतो. रॉकवूल महाग पडते, पण जळत नाही.

2024 पासून ‘सूर्यघर’ योजनेत सोलरला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळते. सोलरचे पॅनेल आणि त्याचा सांगाडा मिळून छपराइतकेच किंवा जास्त वजन होते. ते फक्त वरच्या पत्र्यात स्क्रू मारून बसवले, तर कायमच्या भाराने फोम हळूहळू दबतो आणि वाऱ्यात वरचा पत्रा सोलून निघू शकतो. सोलरचे पाय थेट खालच्या लोखंडावर यायला हवेत.

इंदूरला केंद्राच्या लाइट हाऊस प्रकल्पात 1,024 घरे सँडविच पॅनेलची बांधली. 1 जानेवारी 2021 रोजी त्याचे भूमिपूजन झाले. तिथे विटा-गाऱ्याच्या भिंतींऐवजी पॅनेल आहेत, पण इमारतीचा भार आराखडा करून उभारलेल्या लोखंडी सांगाड्यावर आहे. आपल्याकडे नेमके तेच गाळले जाते.

फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये स्क्वेअर फुटाचा दर, जाडी आणि रंग असतो. पाइपांमधले अंतर किती, कडेला ते कमी केले का, स्क्रू किती आणि कुठे, पाइप भिंतीत कशाने धरला, फोमची घनता किती, हे विचारल्याशिवाय कोणी लिहून देत नाही. पॅनेलवाला मालाची वॉरंटी देतो, बसवण्याची नाही. बसवणारा म्हणतो, डिझाइन आमचे काम नव्हे. इंजिनियरला बोलवायचे तर त्याची फी घरमालकाला जड वाटते आणि पंचायतीत छप्पर बदलताना हा कागद सहसा कोणी मागत नाही. निदान मदतीच्या पैशांतून उभ्या राहणाऱ्या घरांना तरी शेवटचा हप्ता देताना, भिंत आणि छपराच्या जोडाचा फोटो व इंजिनियरची सही मागता येईल. हप्त्याआधी घराचे फोटो घेतातच, त्यात आणखी एक.